ओसरीतला कोनाडा

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारात आमची तिसरी पिढी. माझी सून २९ वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरात्रात गरबा खेळून आली की छातीत धडधडतंय म्हणायची. आम्ही ते उपासावर आणि जागरणावर ढकललं. दिवाळीनंतर खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, तर हृदयाच्या डाव्या कडेला फुगवटा दिसला. आधी छातीत गाठ आहे म्हणाले, आमच्या तोंडचं पाणी पळालं. मग सीटी झाला. रिपोर्टात 'लेफ्ट एट्रियल अपेंडेज ॲन्युरिझम, ६.२ बाय ४.५ सेंटीमीटर' असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून काढून टाका. दुसरे म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी घ्या, दर सहा महिन्यांनी बघू. पुण्याची माझी बहीण म्हणते, ॲन्युरिझम म्हणजे टाइमबॉम्ब, पोरीला हलू देऊ नका. तेव्हापासून आम्ही तिला जिनासुद्धा चढू देत नाही. मुलगा म्हणतो, छाती उघडायची नाही. माझी लेक म्हणते, लग्नाआधी लपवलं असेल. सुनेला मूल हवंय आणि आता सगळंच अडलंय. तिच्या माहेरी इंदूरला अजून कळवलेलं नाही, उगीच घाबरतील. काय करावं?

एक सासू, बडोदा

*

ताई,

आधी जिन्याचं बघू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी सुनेला घरात कोंडून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही. जिना चढू दे, स्वयंपाक करू दे, नोकरी असेल तर कामावर जाऊ दे. रात्रभराचा गरबा, जिममधली वजनं असलं काही मात्र तपासण्या पुऱ्या होईपर्यंत नको. बसवून ठेवलंत तर उलट रक्त साकळायला मदतच होते, आणि या दुखण्यात खरी भीती साकळण्याचीच आहे. ते कसं, हे जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथंच आहे.

हृदयाच्या वरच्या कप्प्याला शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हणतात आणि खालच्याला निलय. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहतं घर. ज्यांनी कोणी हे शब्द नेमले त्यांना माझा नमस्कार, कारण आत चालतंही तसंच. फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त आधी डाव्या ओसरीवर टेकतं, झडपेचं दार उघडलं की घरात शिरतं आणि तिथून जोरानं अंगभर जातं. या ओसरीच्या कडेला एक कोनाडा असतो. बोटाएवढा, वेडावाकडा, आतून खरबरीत. तुमच्या हृदयात आहे, माझ्याही. इंग्रजीत त्याला अपेंडेज म्हणतात. जुने शरीरशास्त्रवाले त्याला हृदयाचा कान म्हणत, कारण बाहेरून तो कानासारखाच लोंबता दिसतो. तुमच्या सुनेचा हा कोनाडा फुगून कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडा मोठा झालाय. एवढंच त्या रिपोर्टाचं म्हणणं.

आता 'ॲन्युरिझम' या शब्दाकडे येऊ. तुमच्या बहिणीनं टाइमबॉम्ब म्हटलं ते तिनं मेंदूतल्या किंवा पोटातल्या धमनीच्या फुग्याबद्दल ऐकलेलं असणार, आणि तिथं ते फारसं चूक नाही. महाधमनीत रक्ताचा दाब १२० च्या आसपास उसळतो. तिथली भिंत पातळ होऊन फुगली तर एक दिवस फुटू शकते. पण डाव्या ओसरीतला दाब दहाच्या आसपास असतो. मोटर चालू केल्यावर थरथरणारा पाइप एकीकडे आणि गच्चीवरची शांत टाकी दुसरीकडे, एवढा फरक आहे. हा कोनाडा फुटल्याच्या नोंदी आहेत, नाही असं नाही. पण त्या विरळा. शब्द एकच, जात वेगळी. बहिणीला माझा नमस्कार सांगा आणि एवढं तिला समजावून द्या.

मग काळजी कशाची? वाहत्या पाण्यावर शेवाळ धरत नाही, कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर धरतं. फुगलेल्या कोनाड्याची भिंत नीट आकुंचन पावत नाही, रक्त आत घोटाळत राहतं आणि गुठळी धरते. साध्या आकाराच्या कोनाड्यातसुद्धा हे होतं. हृदयाची लय बिघडून ओसरी नुसती थरथरत राहिली, म्हणजे ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते झालं, आणि झडपा चांगल्या असल्या, तर डाव्या ओसरीत सापडणाऱ्या दहातल्या नऊ गुठळ्या याच कोनाड्यात असतात. इथं तर कोनाडाच अंड्याएवढा आहे. अशा गुठळीचा तुकडा सुटला तर तो सरळ मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणजे धोका फुटण्याचा नाही, पक्षाघाताचा आहे.

दुसरी काळजी लयीची. ताणलेल्या भिंतीतून वेळीअवेळी विजेच्या ठिणग्या उडतात आणि हृदय धावत सुटतं. नवरात्रातली धडधड त्यातलीच असू शकते. आता, नऊ रात्री गरबा खेळून आल्यावर बडोद्यात कोणाची छाती धडधडत नाही हो? तुम्ही दुर्लक्ष केलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पण तिला एक विचारा: धडधड नाचता नाचता वाढत जायची, की बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबायची? बसल्यावर ओसरायची, की बसूनही चालूच असायची? ठोके एका तालात होते की विस्कटलेले? हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं.

तिसरी गोष्ट शेजारपाजाऱ्यांची. एवढा फुगवटा खालच्या घराच्या भिंतीला दाबू शकतो, क्वचित हृदयाच्या रक्तवाहिनीलाही. मग दम लागणं, छातीत दुखणं अशा तक्रारी येतात. तुमच्या पत्रात त्या नाहीत. नसतील असं धरते, पण विचारून घ्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, अगदी कामाला येणाऱ्या बाईनंसुद्धा. तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं किंवा शब्द भलतेच येऊ लागले, तर पाय चोळत बसायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, लगेच १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यात स्कॅनचा वेळ धरलेला असतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते आल्या आल्या सांगायचं. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडली तरी तोच फोन.

हा आजार दुर्मीळ आहे म्हणजे किती? १९३८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या सेमन्स आणि हेलन टॉसिग यांनी डाव्या ओसरीच्या अशा जन्मजात फुगण्याबद्दल लिहिलं. या टॉसिगबाई म्हणजे पुढं जन्मजात हृदयदोषानं निळ्या पडणाऱ्या बाळांच्या ऑपरेशनमुळे जगभर गाजल्या त्या. तेव्हापासून आजवर साऱ्या जगातल्या वैद्यकीय मासिकांत आलेल्या अशा रुग्णांची मोजदाद शेकड्यांत होईल, हजारांत नाही. हृदयाचा डॉक्टर आयुष्यभर काम करून एखादाच बघतो, किंवा एकही नाही. मी दोन बघितले. त्यातला पहिला मी चुकवला. मी तेव्हा शिकत होते, डभोईकडचा एक कॉलेजातला मुलगा, एक्स-रे खोक्यावर लावलेला. हृदयाच्या डाव्या कडेवर, फुप्फुसाच्या धमनीच्या जरा खाली, टेंगूळ. मी छाती पुढं काढून सांगितलं, धमनी मोठी झालीय. सरांनी काही न बोलता त्याला इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, टेबलावर झोपवला आणि पडद्याकडे बोट केलं. तो काळा फुगा अजून डोळ्यांपुढं आहे. म्हणून तुमच्या सुनेच्या एक्स-रेवर कोणी आधी गाठ म्हटलं याचा राग धरू नका. त्या जागी फुगवटा दिसला की हृदयाच्या आवरणाची, म्हणजे पेरिकार्डियमची, पाण्याची गाठ, छातीच्या मध्यभागातली खरी गाठ, फुगलेली धमनी अशी बरीच नावं आधी डोक्यात येतात. सुदैव एवढंच की कोणी घाईनं सुई घालून तुकडा काढायला गेलं नाही. हृदयाला जोडलेल्या रक्ताच्या पिशवीत सुई जाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. सीटी आधी केला हे फार चांगलं झालं.

पण सीटीवर थांबू नका. ऑपरेशन की गोळी हा वाद घालण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात, आणि तुमच्या पत्रावरून त्या कोणी बघितलेल्या दिसत नाहीत.

सगळ्यात आधी माइट्रल झडप, म्हणजे ओसरी आणि घर यांच्यामधलं दार. फुगवटा जन्मजात असतो तेव्हा कोनाड्यातल्या स्नायूंच्या पट्ट्या मुळातच अशक्त असतात, बाकी हृदय धडधाकट असतं. पण दार अरुंद झालं किंवा गळायला लागलं तर ओसरीत दाब तुंबून कोनाडा नंतरही फुगतो. आपल्याकडे लहानपणी घसा आणि सांधे धरणाऱ्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेली माणसं अजून कमी नाहीत. इंदूरला फोन कराल तेव्हा तिच्या आईला विचारा: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, महिन्याला पेनिसिलिनची सुई घ्यावी लागली होती का? झडप खराब असेल तर सगळं गणित बदलतं, ऑपरेशनचंही आणि गोळीचंही.

यासाठी आधी साधी इको आणि मग अन्ननलिकेतून केलेली इको, जिला सगळे टी.ई.ई. म्हणतात. अन्ननलिका डाव्या ओसरीच्या अगदी पाठीला लागून जाते, म्हणून तिथून हा कोनाडा जसा दिसतो तसा छातीवरून दिसत नाही. साधारण सहा तास उपाशी राहायचं, घशाला बधिर करणारा फवारा, थोडं गुंगीचं औषध. ओकारी येते, आवडणारी तपासणी नाही, पण करायचीच. त्यात गुठळी आहे का, हे कळेल. गुठळी नसली तरी रक्त धुरासारखं संथ फिरताना दिसतं. डॉक्टर त्याला 'स्मोक' म्हणतात, आणि तो धूर म्हणजे गुठळीची पूर्वसूचना. एक गंमत सांगून ठेवते, कारण यावरून घरं उगीच घाबरतात. सीटीत रंगद्रव्य संथ रक्तात लवकर पोचत नाही, आणि कोनाड्याचा शेंडा काळा दिसतो, अगदी गुठळीसारखा. मिनिटभरानं पुन्हा चित्र घेतलं आणि तो भाग भरला, तर ती गुठळी नव्हतीच. तुमच्या रिपोर्टात गुठळीबद्दल काही शंका लिहिलेली असेल तर उशिराचं चित्र घेतलं होतं का, हे विचारा.

१९८२ साली फोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जन्मजात फुगवटा इकोवर ओळखायच्या चार खुणा मांडल्या, त्या अजून वापरात आहेत. बाकी ओसरी नेहमीसारखी असणं, फुगवट्याचं तोंड ओसरीत उघडताना स्पष्ट दिसणं, तो हृदयाच्या आवरणाच्या आत असणं, आणि त्यानं खालच्या घराची भिंत दाबलेली असणं. यातली तिसरी खूण नुसती पुस्तकी नाही. काही माणसांत हृदयाचं आवरण, पेरिकार्डियम, जन्मतःच डाव्या बाजूला थोडं उघडं राहिलेलं असतं आणि त्या भोकातून साधा कोनाडा बाहेर डोकावतो, हर्नियासारखा. दिसायला सारखंच, पण तो त्या भोकात आवळला जाऊ शकतो. हे एमआरआयवर किंवा नीट बघितलेल्या सीटीवर समजतं. आणि हो, किती सेंटीमीटरच्या पुढं ॲन्युरिझम म्हणायचं याची जगमान्य रेषा नाही, म्हणून ६.२ की ५.८ यावर रात्री जागू नका.

शिवाय होल्टर. छातीला चिकटवून २४ तास, शक्य तर जास्त दिवस ठेवायचं, ठोके नोंदवणारं यंत्र. त्या दिवसांत तिला रोजच्यासारखं हिंडूफिरू द्या. सोफ्यावर बसवून होल्टर केला तर सोफ्यावरचे ठोके समजतील.

आता दोन डॉक्टर दोन तऱ्हा का सांगतात? दोघंही लबाड नाहीत. हा आजार इतका विरळा आहे की निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना गोळी अशी तुलना कोणी करू शकलेलं नाही, पुढंही करता येईल असं वाटत नाही. जे ज्ञान आहे ते एकेका रुग्णाच्या हकिगतीचं. आणि माणूस लिहितो ती यशाची हकिगत, त्यामुळे छापलेल्या कागदांत ऑपरेशनचा दिवस नेहमी सुरेख उगवलेला दिसतो. हे डोळ्यांआड करू नका. तरीसुद्धा एवढं म्हणता येतं की तरुण वय, तक्रारी, लय बिघडलेली, गुठळी किंवा मेंदूला झटका येऊन गेलेला, शेजारी दाब, यातलं काही असलं की बहुतेक सर्जन आणि फिजिशियन काढून टाकण्याच्या बाजूला झुकतात. वय झालेलं, दुसरी दुखणी असलेली, तक्रार शून्य, अशा माणसाला गोळी आणि लक्ष. माझ्या या वयात माझ्या हृदयात हा फुगा सापडला तर मी गोळी घेईन आणि सकाळी कमाटीबागेत फिरायला जाईन. माझी सून असती, २९ वर्षांची, धडधड असलेली, मूल हवं असलेली, तर मी तिला ठरवून, घाई न करता, मूल होण्याआधी ऑपरेशन करून घे म्हटलं असतं. हे माझं मत. टी.ई.ई. आणि होल्टरनंतर ते बदलू शकतं.

मुलाला छाती उघडण्याची धास्ती आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. नेहमीची पद्धत म्हणजे छातीचं मधलं हाड उघडून, रक्त हार्ट-लंग मशीनवर घेऊन, फुग्याच्या मानेपाशी कापून तोंड शिवून टाकायचं. मशीन कशाला, फुगा तर बाहेरच्या बाजूला आहे, असं तो विचारेल. कारण आत गुठळी असली आणि धडधडत्या हृदयाला हात लावताना ती सुटली, तर ज्या गोष्टीसाठी ऑपरेशन करायचं तीच घडेल. म्हणून गुठळीची शंका असली की महाधमनी बंद करेपर्यंत सर्जन त्या कोनाड्याला स्पर्श करत नाहीत. गुठळी नसेल, मान अरुंद असेल, तर काही ठिकाणी डाव्या बरगड्यांमधल्या छोट्या छेदातूनही करतात. ते जमेल का, हे सर्जन चित्रं बघून ठरवतील. लहान छेदाचा आग्रह तुम्ही धरू नका. लय आधीच कायमची बिघडलेली असेल तर त्याच वेळी 'मेझ' नावाची प्रक्रिया करून वेड्यावाकड्या ठिणग्यांचे रस्ते अडवता येतात.

सगळं सुरळीत झालं तर साधारण आठवडाभर रुग्णालय, हाड सांधायला दोन-तीन महिने, तोवर पाण्याची बादली उचलायची नाही आणि स्कूटर चालवायची नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित पक्षाघात हे धोके खरे आहेत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत लय बिघडणं तर इतकं नेहमीचं आहे की ते झालं तर 'सगळं फुकट गेलं' म्हणून रडू नका, बहुधा औषधानं जागेवर येतं.

कोनाडा काढला तर माणूस जगतो का, असंही कोणीतरी विचारेलच. जगतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाओस ३' नावाच्या चाचणीत, दुसऱ्या कारणानं हृदयाचं ऑपरेशन होत असलेल्या सुमारे ४,८०० एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी निम्म्यांचा कोनाडा त्याच वेळी बंद केला होता. त्यांच्यात पुढं पक्षाघात सुमारे एक-तृतीयांशानं कमी झाले. ती माणसं सत्तरीच्या आसपासची होती आणि त्यांचा कोनाडा फुगलेला नव्हता, म्हणून हा आकडा तुमच्या सुनेला चिकटवू नका. एवढंच घ्या की कोनाड्यावाचून काही अडत नाही.

मांडीच्या शिरेतून जाऊन कोनाड्याचं तोंड बंद करणारी 'छत्री' कोणी सुचवेल. ती नेहमीच्या आकाराच्या तोंडासाठी बनवलेली असते. इथं तोंड रुंद असण्याची शक्यता असते आणि फुगा तसाच आत राहतो, दाबतो, ठिणग्या टाकतो. अगदी ऑपरेशन झेपणारच नाही अशा माणसासाठी तिचा विचार होतो. तुमच्या सुनेसाठी मला ती पहिली वाट वाटत नाही.

गोळीबद्दल. रक्त पातळ करायची गोळी गुठळी होऊ देत नाही, पण फुगा लहान करत नाही आणि लय सुधारत नाही, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. ती कोणती हे झडपेवर अवलंबून आहे. संधिवाताच्या तापानं झडप अरुंद झाली असेल तर जुनी वॉरफरिनच बरी. २०२२ मध्ये आलेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत, संधिवातानं हृदय बिघडलेल्या आणि लय विस्कटलेल्या रुग्णांत वॉरफरिनच्या जातीची गोळी नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, रोज साधारण सारख्या ठेवायच्या. उंधियूच्या दिवसांत एकदम हिरवा लसूण, मेथीचे मुठिये, पालेभाजी असं ताट भरून खाल्लं की आयएनआर घसरलेला मी दर हिवाळ्यात बघायची. ॲस्पिरिन हा तिचा पर्याय नाही. अर्जुनसाल, लसणाच्या कॅप्सूल, दुखण्यावरची कुठलीही गोळी डॉक्टरांना न सांगता देऊ नका. तुम्ही प्रेमानं द्याल हे मला ठाऊक आहे.

वय कमी, बीपी नाही, साखर नाही, म्हणून पक्षाघाताच्या धोक्याचे गुण शून्य येतात आणि गोळी कशाला, असंही कोणी म्हणेल. ती गुणमोजणी साध्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी आहे. अंड्याएवढ्या कोनाड्याचा रकाना तिच्यात नाही.

आता मूल. मूल होणारच नाही असं कोणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. पण क्रम महत्त्वाचा. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढते, लय बिघडायला निमित्त मिळतं. म्हणजे या कोनाड्याला जे जे नको ते सगळं एकाच वेळी येतं. वॉरफरिन गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला व्यंग करू शकते, नव्या गोळ्या गरोदरपणात वापरत नाहीत, मग रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनच्या सुया. हे सगळं निभावता येतं, बायका निभावतात, पण आधी ठरवून. म्हणून तपासण्या आणि निर्णय होईपर्यंत दिवस जाऊ देऊ नयेत, आणि त्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. त्या गुठळीचा धोका वाढवतात. दुसरे उपाय स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. हे बोलणं तिचं आणि तुमच्या मुलाचं. तुम्ही फक्त तिकडची वाट मोकळी करा. गोळी चालू झालेली असताना पाळी चुकली, तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

कुठं जायचं? बडोद्यात हृदयाची ऑपरेशनं होतात, पण या दुखण्यात ज्या केंद्रात रोज झडपांची ऑपरेशनं होतात, जिथं ऑपरेशनच्या टेबलावरच टी.ई.ई. लावतात आणि जिथं जन्मजात हृदयरोगाचा विभाग आहे, तिथलं एक मत घ्याच. आपल्याला जवळचं म्हणजे अहमदाबादचं यू. एन. मेहता हृदयरोग रुग्णालय, जेमतेम ११० किलोमीटर. 'तुम्ही असे किती केले' असं सर्जनना विचारू नका, कोणीच फार केलेले नसणार. झडपेच्या ऑपरेशनबरोबर कोनाडा बंद करण्याचं काम ते नेहमी करतात का, हे विचारा. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. रिपोर्ट दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेला असतो. आयुष्मान कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवा. पात्र कुटुंबांसाठी गुजरातेत त्यावरच्या मोफत उपचारांची मर्यादा २०२३ पासून वर्षाला १० लाख रुपये आहे. कार्डावर सुनेचं नाव चढवलंय का, ते बघा. लग्नाला दोन वर्षं होऊनही नाव न चढवलेली घरं मी बरीच बघितली आहेत.

तुमच्या लेकीला सांगा, कोणी काही लपवलेलं नाही. हा फुगा जन्मजात असेल तर तो तिच्या आईलाही ठाऊक नव्हता आणि तिलाही. खोकला झाला नसता तर आजही कोणाला कळला नसता. पिढीजात चालत येणारा आजार म्हणून याची ओळख नाही, तेव्हा नातवंडांच्या नावानंही ही शंका काढू नये. तिच्यापुढं तर अजिबात नको.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. डॉक्टर काय म्हणाले, बहीण, मुलगा, लेक काय म्हणाली, सगळ्यांचं आहे. सून काय म्हणते? धडधड आणि मूल, एवढे दोनच उल्लेख. ऑपरेशन हवं की नको, यावर तिचं एक वाक्य नाही. मीही सासू आहे, आपण काळजीनंच बोलतो, पण बोलताना सगळी ओसरी आपणच अडवून बसतो. छाती तिची आहे. पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवा, तुम्ही आणि मुलगा मागं उभे राहा, आणि प्रश्न तिला विचारू द्या.

इंदूरला आजच फोन लावा. तिनंच बोलावं. तुम्ही जवळ बसा, आणि तिचं झालं की फोन घेऊन विहीणबाईंना सांधे आणि पेनिसिलिनचं तेवढं विचारून घ्या.